कलाशाळेचे उस्ताद आणि सुताराचा मुलगा

हातात हुनर असेल तर माणूस उपाशी मरत नाही, असे आपले वाडवडील सांगत आले. आपल्या समाजात गवंडी आहेत, सुतार आहेत, लोहार आहेत, रंगारी आहेत, वेल्डिंगचे काम करणारे आहेत. गावातील अर्ध्याअधिक घरांच्या भिंती त्यांच्याच हातून उभ्या राहिल्या. असे असूनही मुलाने शाळेत चित्रकलेच्या परीक्षेचा अर्ज आणला की हाच हुनरमंद बाप विचारतो, "चित्र काढून पोट भरते का? त्यापेक्षा गणिताकडे लक्ष दे." बापाचे हे बोलणे अगदीच चुकीचे नाही. गणिताकडे लक्ष द्यायलाच हवे. परंतु गणित आणि चित्र, पुस्तक आणि हत्यार, इल्म आणि हुनर यांत आपण जी भिंत उभी केली आहे ती खरोखर आहे काय, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. त्याचे उत्तर उपदेशाने देण्यापेक्षा इतिहासातील दोन माणसांची हकिकत सांगावी, असे वाटते. त्यांतील एक विलायतेचा शिल्पकार व प्राध्यापक, आणि दुसरा पंजाबातील एका सुताराचा मुलगा, जो पुढे वास्तुविशारद झाला आणि ज्या कलाशाळेत तो शिकला तिचाच प्राचार्य झाला.

कापूस गेला, मुंबई सजली

ही हकिकत मुंबईपासून सुरू होत असली तरी तिचे एक टोक आपल्या वऱ्हाडात आहे. इ. स. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग साऱ्या जगाची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत पिकलेला कापूस सोन्याच्या भावाने मुंबईच्या गोदीवर जाऊ लागला. मुंबईत पैशाचा पूर आला. त्याच सुमारास गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी मुंबईच्या किल्ल्याचे जुने तट पाडण्याचे काम १८६२ पासून सुरू केले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर मोठमोठ्या सरकारी इमारतींचे आराखडे तयार होऊ लागले. १८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईचे कित्येक शेठ एका रात्रीत रस्त्यावर आले. तरीही इमारतींची कामे पुढे चालूच राहिली. आज मुंबईला गेलेला आपल्याकडील माणूस ज्या दगडी इमारतींकडे मान वर करून पाहतो, त्यांच्या पायात वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा घाम आहे, हे त्याने विसरू नये.

इमारती बांधायच्या तर त्यांवरील नक्षी कोणी कोरायची? विलायतेहून कोरलेले दगड आणणे परवडणारे नव्हते. येथील पाथरवटाच्या हातात कसब होते, परंतु त्याला या नव्या पद्धतीच्या इमारतींची ओळख नव्हती. हे काम शिकविणारी शाळा हवी होती आणि ती मुंबईत होतीच. सर जमशेटजी जीजीभाई या दानशूर पारशी गृहस्थांनी १८५३ साली कलाशिक्षणासाठी एक लाख रुपये देऊ केले होते. त्या देणगीतून मार्च १८५७ मध्ये ही कलाशाळा सुरू झाली. तिलाच आपण आज जे. जे. स्कूल ऑफ आर्ट म्हणतो. ज्या वर्षी उत्तर हिंदुस्थानात उठावाचा वणवा पेटला, त्याच वर्षी मुंबईत काही मुले कागदावर रेघा ओढायला शिकत होती.

कुंभारांच्या गावचा नक्षीकार

१८६५ साली या कलाशाळेत वास्तुशिल्प शिकविण्यासाठी जॉन लॉकवुड किपलिंग हे प्राध्यापक म्हणून आले. त्यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील पिकरिंग या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. घरी संपत्ती नव्हती, पण शिस्त होती. १८५१ साली लंडनमध्ये जे मोठे जागतिक प्रदर्शन भरले, ते पाहून चौदा वर्षांच्या लॉकवुडच्या मनाने कलेचा ध्यास घेतला. त्या प्रदर्शनात हिंदुस्थानी कारागिरांच्या वस्तूही होत्या आणि त्या पाहून युरोपातील जाणकार थक्क झाले होते.

पुढे लॉकवुड हे बर्स्लेम या गावी गेले. बर्स्लेम म्हणजे इंग्लंडचा कुंभारवाडाच. तेथील कारखान्यात चिनी मातीच्या भांड्यांची नक्षी व नमुने तयार करण्याचे काम करता करता ते जवळच्या कलाशाळेतही शिकत राहिले. दिवसा काम आणि त्याच्या जोडीला शिक्षण, हा आपल्या अनेक मुलांच्या ओळखीचा रस्ता होय. नंतर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीवरील भाजलेल्या मातीच्या शिल्पसजावटीचे काम त्यांना मिळाले. बर्स्लेम येथील वेजवूड इन्स्टिट्यूट या शिक्षणसंस्थेच्या दर्शनी भागाचा आराखडा रॉबर्ट एडगर या वास्तुविशारदाबरोबर त्यांनी केला. त्या इमारतीच्या तोंडावर मातीची भांडी घडविणारे कामकरी भाजलेल्या मातीत दाखविलेले आहेत. राजे-महाराजे नव्हेत, तर हाताने काम करणारी माणसे! हा धागा ध्यानात ठेवावा, कारण पुढे मुंबईतही तो दिसतो.

लॉकवुड यांच्याजवळ वास्तुविशारदाची रीतसर पदवी नव्हती. ते शिल्पकार होते, नक्षीकार होते आणि शिक्षक होते. परंतु इमारत आणि तिच्यावरील नक्षी या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत, हा त्यांचा सिद्धान्त होता. मार्च १८६५ मध्ये त्यांचे लग्न झाले आणि त्याच वर्षी पत्नी ॲलिस यांच्यासह ते मुंबईत आले. वर्षाअखेरीस, ३० डिसेंबरला, कलाशाळेच्या आवारातच त्यांना मुलगा झाला. तोच पुढे लेखक रुडयार्ड किपलिंग म्हणून जगाला माहीत झाला. मुलाच्या नावापुढे बापाचे नाव झाकले गेले. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र बापच मोठा.

माती, साचा आणि दगड

त्या काळी कलाशाळेत तीन कार्यशाळा निघाल्या. सजावटीच्या चित्रकामासाठी जॉन ग्रिफिथ्स, वास्तुशिल्पासाठी लॉकवुड किपलिंग आणि लोखंडाच्या नक्षीकामासाठी हिगिन्स. विद्यार्थ्यांनी नुसते कागद रंगवायचे नाहीत, तर प्रत्यक्ष उभ्या राहणाऱ्या इमारतींचे काम करायचे, हा या कार्यशाळांचा हेतू होता. यांपैकी ग्रिफिथ्स यांनी पुढे १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करविल्या, ही गोष्ट आपल्या भागातील विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी.

किपलिंग यांच्या कार्यशाळेत काम कसे चाले, ते समजून घेणे उद्बोधक आहे. प्रथम वस्तू डोळ्यांनी नीट पाहून तिचे रेखाटन करायचे. पान असेल तर देठापासून टोकापर्यंत शीर कशी वळते ते पाहायचे. नंतर ते रेखाटन ओल्या मातीत उठावात उतरवायचे. माती चुकली तर पुसता येते, वाढविता येते. दगडाचे तसे नाही, छिन्नीचा एक घाव चुकला की तो दगड गेला. मातीचे काम मनासारखे झाले की त्यावर प्लास्टर ओतून साचा घ्यायचा आणि साच्यातून प्लास्टरची प्रत काढायची. ती प्रत समोर ठेवून, मापे घेत, पाथरवट ती नक्षी दगडात कोरत असे. आपल्याकडील काळा पाषाण अतिशय कठीण, त्यात बारीक नक्षी काढणे जिवावरचे काम. मुंबईतील इमारतींच्या भिंतींसाठी कुर्ल्याकडील दगड वापरीत, पण नाजूक नक्षीसाठी काठेवाडातील पोरबंदरचा मऊ दगड समुद्रमार्गे आणीत. कोणत्या कामाला कोणता दगड, हे ठरविणे हेही शिक्षणच होते.

या कामाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे क्रॉफर्ड मार्केट. विल्यम इमर्सन या वास्तुविशारदाने आखलेली ही मंडई १८६९ साली पुरी झाली. हल्ली तिला महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतात. तिच्या दाराच्या कमानीवर किपलिंग यांनी घडविलेली उठावाची शिल्पे आहेत. त्यांत कोण आहे? शेतात राबणारा हिंदुस्थानी शेतकरी आणि मंडईत माल आणणारी साधी माणसे. मंडईतील कारंज्यावरही त्यांच्याच हाताची नक्षी आहे. ज्या मंडईत शेतकऱ्याचा माल विकला जातो, तिच्या कपाळावर शेतकरीच असावा, हा विचार मोठा खरा. फळांच्या टोपल्यांमधून वाट काढणाऱ्या किती जणांनी मान वर करून ती शिल्पे पाहिली असतील?

या चळवळीत आपल्या देशातील माणसेही मागे नव्हती. कापसाचे व्यापारी शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा १८७८ साली उभा राहिला. त्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातिजमातींचे २४ पुतळे आहेत. ते घडविण्याचे श्रेय रावबहादूर मुकुंद रामचंद्र या देशी असिस्टंट इंजिनियरांना दिले जाते. इंजिनियरच शिल्पकार! इल्म आणि हुनर एका माणसात कसे नांदतात, त्याचे हे आपल्याच मुलखातील उदाहरण. बोरीबंदर स्थानकाची, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची, बरीचशी नक्षी किपलिंग गेल्यानंतर ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केली. ती इमारत २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली.

मशीद हीच शाळा

१८७० च्या सुमारास सरकारने किपलिंग यांना उत्तर हिंदुस्थानात फिरून कारागिरांची चित्रे काढण्यास पाठविले. लाकूड कोरणारे, सूत कातणारे, भांडी घडविणारे, कापड छापणारे, अशा लोकांची त्यांनी कामाच्या जागी बसून रेखाटने केली. ती आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट वस्तुसंग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. कारागीर बसतो कसा, पायाच्या अंगठ्याने लाकूड धरतो कसा, हत्यारे कोठे ठेवतो, हे सर्व त्या चित्रांत आहे. शिकवायला आलेला प्राध्यापक येथे विद्यार्थी झाला, असे म्हटले तरी चालेल.

१८७५ साली ते लाहोरला गेले. १८७२ मध्ये मारले गेलेले व्हाईसरॉय लॉर्ड मेयो यांच्या स्मरणार्थ तेथे मेयो स्कूल ऑफ इंडस्ट्रियल आर्ट ही संस्था निघाली होती. तिचे पहिले प्राचार्य आणि लाहोरच्या वस्तुसंग्रहालयाचे क्युरेटर अशी दुहेरी जबाबदारी किपलिंग यांनी १८९३ साली निवृत्त होईपर्यंत सांभाळली. त्यांच्या मुलाच्या 'किम' या कादंबरीतील लाहोरच्या अजायबघराचे प्रमुख म्हणजे हेच लॉकवुड होत.

मुंबईत असताना ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नकला समोर ठेवून चित्रे काढविण्याची विलायती पद्धत त्यांनी जवळून पाहिली होती. लाहोरात त्यांनी वेगळी वाट धरली. ज्या मुलाच्या घरी पिढ्यान् पिढ्या सुतारकाम चालले आहे त्याला ग्रीक देवतेचे नाक काढायला लावण्यात काय हशील? त्याच्या शहरात, त्याच्या डोळ्यांसमोर काय आहे? लाहोरात वझीर खानाची मशीद होती. शहाजहान बादशहाच्या कारकिर्दीत, १६३४-३५ च्या सुमारास, हकीम इल्मुद्दीन अन्सारी उर्फ वझीर खान यांनी ती बांधली. तिच्या भिंतींवर काशीकाम, म्हणजे रंगीत चिनी विटांची नक्षी आहे. वेली, फुले, सुरया आणि कुराणशरीफच्या आयतींचे सुलेखन त्यात आहे. ही मशीद म्हणजेच नक्षीकामाची जिवंत शाळा, असे किपलिंग मानीत. त्यांनी आपले विद्यार्थी तेथे पाठविले, भिंतीवरील एकेक वेल मापून कागदावर उतरवून घेतली. एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या मुलाने शीख, हिंदू आणि मुसलमान कारागिरांच्या मुलांना मशिदीच्या भिंतीपुढे बसवून धडा दिला. विद्येच्या दारात जातपात नसते, याचा याहून चांगला दाखला कोणता द्यावा?

सुताराचा मुलगा

या शाळेच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत रामसिंग नावाचा मुलगा होता. त्याचा जन्म १८५८ साली गुरदासपूर जिल्ह्यात बटाल्याजवळील रसूलपूर या खेड्यात, रामगढिया शीख सुताराच्या घरी झाला. अमृतसरला लाकूडकाम करीत असता किपलिंग यांच्या नजरेस त्याचा हात आला आणि १८७५ साली तो मेयो स्कूलमध्ये दाखल झाला. घरून त्याने रंधा व पटाशी आणली होती. शाळेने त्याला मोजमाप, भूमिती, आराखडा वाचणे आणि आराखडा काढणे दिले. या दोन्हींचा मिलाफ झाला आणि सुतार वास्तुविशारद झाला. शाळेने त्याची पटाशी काढून घेतली नाही, तिच्या जोडीला पट्टी आणि कंपास दिला. या एका गोष्टीत शिक्षणशास्त्राचे मर्म आहे, असे मला वाटते.

रामसिंग प्रथम त्याच शाळेत शिक्षक झाले. राणी व्हिक्टोरियाचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या बॅगशॉट पार्क येथील वाड्यासाठी कोरीव लाकडी दालन तयार करण्याचे काम किपलिंग यांनी त्यांच्यावर सोपविले. ते पाहून खुद्द राणीने आयल ऑफ वाइट बेटावरील ऑस्बोर्न हाऊस या आपल्या वाड्यात हिंदुस्थानी पद्धतीचा दरबार हॉल करविला. त्यासाठी रामसिंग १८९१ साली इंग्लंडला गेले. त्या दालनातील छत, भिंती आणि शेकोटीवरील पिसारा फुलविलेला मोर ही त्यांच्या आराखड्याची करामत होय. राणीने रुडॉल्फ स्वोबोदा या चित्रकाराकडून त्यांचे चित्र काढून घेतले. ज्याचे वाडवडील बैलगाडीची चाके आणि घरांची दारे घडवीत, त्याचे चित्र राणीच्या वाड्यात लागले.

परत आल्यावर त्यांनी अनेक इमारती आखल्या. अमृतसरचे खालसा कॉलेज, ज्याची कोनशिला १८९२ साली बसली, ही त्यांची सर्वांत गाजलेली इमारत. घुमट, छत्र्या आणि कमानी यांचा तो देखावा पाहिला की शीख, मोगल आणि राजपूत परंपरा एका माणसाच्या हातात कशा एकत्र आल्या ते दिसते. १८९४ साली उघडलेल्या लाहोर वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीमागेही गुरु-शिष्यांची हीच जोडी होती. अखेर १९१० साली भाई रामसिंग मेयो स्कूलचे प्राचार्य झाले. १९१३ साली ते निवृत्त झाले आणि १९१६ साली वारले. त्यांचे गुरू लॉकवुड किपलिंग त्यापूर्वीच, २६ जानेवारी १९११ रोजी, इंग्लंडमध्ये निधन पावले होते. शिष्य आपल्या खुर्चीवर बसल्याचे पाहूनच त्यांनी डोळे मिटले. मेयो स्कूलला १९५८ पासून नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्स हे नाव मिळाले.

हिशेबाची दुसरी बाजू

इतिहास लिहिताना नुसती स्तुती करून भागत नाही. या कलाशाळा परक्या सरकारच्या होत्या. कारागिराने चांगला कारागीर व्हावे, पण साहेबाच्या टेबलापाशी बसू नये, असाच त्या काळच्या अनेक अधिकाऱ्यांचा कल होता. किपलिंग १८९३ मध्ये निवृत्त झाले तेव्हा रामसिंग यांची कीर्ती विलायतेपर्यंत पोहोचली होती. तरीही प्राचार्यपद त्यांच्याकडे येण्यास आणखी सतरा वर्षे लागली. मधल्या काळात गोरेच प्राचार्य होते.

शिवाय ज्या यंत्राच्या कापडाने आपल्या विणकरांचे मागच मोडले, त्याच राज्याने कारागिरी वाचविण्याच्या शाळा काढल्या, ही विसंगतीही डोळ्याआड करता येत नाही. किपलिंग हे त्या राज्याचेच नोकर होते. परंतु त्या चौकटीत राहून त्यांनी कारागिराच्या डोळ्याला आणि हाताला मान दिला, त्याच्या कामाची चित्रे काढली, १८८४ पासून निघालेल्या 'जर्नल ऑफ इंडियन आर्ट' या नियतकालिकातून त्याच्या कसबाविषयी लिहिले आणि एका सुताराच्या मुलाला आपल्या बरोबरीने उभे केले. हे त्यांचे ऋण मान्य करण्यात कमीपणा नाही.

सर्वांत मोठी खंत वेगळीच आहे. क्रॉफर्ड मार्केट किपलिंग यांचे, बोरीबंदर स्टीव्हन्स यांचे, असे आपण म्हणतो. पण ज्या शेकडो हातांनी छिन्नी चालविली त्यांची नावे भिंतीवर नाहीत. त्यांना वाचता-लिहिता येत नसेल, तर आपले नाव कोरून ठेवावे हेही त्यांना कोण सांगणार?

याच्या उलट एक उदाहरण आपल्या जवळच आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद येथील बीबी का मकबरा. सतराव्या शतकात बांधलेल्या या मकबऱ्याच्या दारावर वास्तुविशारद अताउल्लाह आणि बांधकाम पाहणारे हंसपतराय अशी दोन नावे कोरलेली आहेत. अताउल्लाह हे ताजमहालाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरी यांचे पुत्र. एक मुसलमान, एक हिंदू, दोघांची नावे एकाच दारावर. घडविणारा शिकलेला असला की त्याचे नाव राहते, हा धडा त्या दारावर सर्वांना वाचता येईल असा लिहिलेला आहे.

आपल्या भोवतालची शाळा

लाहोरला वझीर खानाची मशीद होती, मग आपल्या इंझोरीच्या मुलांनी काय पाहावे? पुष्कळ आहे. अकोट तालुक्यातील नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा पाहावा. बहमनी अमदानीत, १४८७ साली, तो उभा राहिला. त्यावरील कमळे, कोनाडे आणि अरबी-फारसी लेख दगडात असे कोरले आहेत की कागदावर शाईने लिहिले असावेत. बाळापूरला मिर्झाराजे जयसिंग यांची काळ्या दगडाची छत्री आहे. कठीण पाषाणातही हलकेपणा कसा आणता येतो, हे तेथे कळते. सहल नेली की मुले तेथे डबे खातात, फोटो काढतात आणि परत येतात. पुढच्या सहलीत प्रत्येकाच्या हाती एक वही, एक पेन्सिल आणि मोजपट्टी द्यावी. एका कमानीची रुंदी व उंची मोजून ती वहीत उतरवून आणावी. भूमितीच्या पुस्तकातील वर्तुळ त्या कमानीत दडलेले आहे, हे एकदा मुलाच्या लक्षात आले की तो प्रमेय विसरणार नाही.

काही पालकांच्या मनात आणखी एक संकोच असतो आणि त्याचा आदर केला पाहिजे. सजीवांची चित्रे व पुतळे यांविषयी आपल्या दीनमध्ये जी शिकवण आहे, ती पाहता मुलाला या विद्येकडे पाठवावे काय, असे ते विचारतात. त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते की, आपल्या पूर्वजांनी हाच प्रश्न समोर ठेवून सुलेखन, भूमितीची नक्षी, जाळीकाम आणि वेलबुट्टी या कला जगात सर्वोच्च शिखरावर नेल्या. चित्रकलेच्या शासकीय एलिमेंटरी परीक्षेतही संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन हे विषय आहेत. वस्तुचित्रात घागर, पुस्तक, कंदील अशा वस्तू काढायच्या असतात. हजरत दाऊद अलैहिस्सलाम लोखंडाची चिलखते घडवीत आणि हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतार होते, हे आपण मुलांना सांगतोच. पैगंबरांनी ज्या कामाला हात लावला ते काम हलके कसे असेल?

पालकांस विनंती

आज दिवस बदलले आहेत. ज्या मुलाला बारावीला गणित व भौतिकशास्त्र आहे त्याला प्रवेशपरीक्षा देऊन पाच वर्षांचा वास्तुशास्त्राचा अभ्यासक्रम घेता येतो. ज्याला लवकर कमवायचे आहे त्याला दहावीनंतर आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा अभ्यासक्रम आहे. दहावीला इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचे वाढीव गुणही नियमाप्रमाणे मिळतात. आणि ज्या कलाशाळेत लॉकवुड किपलिंग यांनी माती मळली त्या जे. जे. संस्थेला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. शिल्पकला, चित्रकला, वास्तुशास्त्र, सारे तेथे शिकता येते. तेथील दारे आपल्या मुलामुलींना बंद नाहीत. पण तेथवर जाण्याची तयारी आठवीच्या वर्गातच करावी लागते.

गवंडीकाम करणाऱ्या बापाला एक गोष्ट ठाऊक असते. इंजिनियर नकाशा घेऊन येतो, तो नकाशा बापाला पुरता वाचता येत नाही, पण भिंत ओळंब्यात आहे की नाही हे नकाशा पाहणाऱ्यापेक्षा त्याला आधी कळते. त्याच्या मुलाला नकाशाही वाचता आला आणि ओळंबाही धरता आला, तर त्या मुलाला कोण अडविणार? भाई रामसिंग हे तेच करून गेले. त्यांच्या मागे घराणे नव्हते, पैसा नव्हता, वशिला नव्हता. हात होता, आणि तो हात ओळखणारा एक शिक्षक त्यांना भेटला.

आपल्या संस्थेचे काम हेच की, असा हात ओळखावा. आणि पालकांचे काम हे की, तो हात शाळेतून काढून रोजंदारीवर पाठविण्याची घाई करू नये. मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. मेंदीचा जो सुबक कोन त्या चालवितात, कशिद्याची जी बुट्टी त्या न मोजता बरोबर बसवितात, त्यात नक्षीकाराची बुद्धी आहे. तिला पट्टी, कंपास आणि पुढची इयत्ता मिळाली पाहिजे.

पुढच्या वेळी मुलगा किंवा मुलगी चित्रकलेच्या परीक्षेचा अर्ज घेऊन आपल्यापुढे उभी राहील, तेव्हा "पोट भरते का?" हा प्रश्न जरूर विचारा. मात्र त्याचे उत्तर ऐकूनही घ्या. आणि मग अर्जावर सही करा.